व्यास सात, परीघ किती?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक सरळसोट उदाहरण आहे. ज्या वर्तुळाचा व्यास ७, त्याचा परीघ सांग. आणि ज्याचा परीघ २२, त्याचा व्यास सांग. शाळेत गणित शिकलेला कुणीही पहिल्याचे उत्तर २२ आणि दुसऱ्याचे ७ सांगून मोकळा होईल. ग्रंथातली उत्तरे मात्र निराळी आहेत. पहिल्याचे २१ पूर्णांक १२३९/१२५०, दुसऱ्याचे ७ पूर्णांक ११/३९२७. व्यास ७ असता परीघ २२ हेही उत्तर आचार्यांनी दिले आहे, पण त्यावर 'स्थूल' असा शिक्का मारून.

नियम एकाच श्लोकात बसवलेला आहे. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले की सूक्ष्म परीघ मिळतो. २२ ने गुणून ७ ने भागले की व्यवहाराला पुरेल असा स्थूल परीघ मिळतो. श्लोकात आकडे शब्दांतून येतात. 'भ' म्हणजे नक्षत्रे, २७, नंद म्हणजे ९, अग्नी ३. उजवीकडून डावीकडे मांडले की झाले ३९२७. 'ख' म्हणजे आकाश, शून्य, बाण ५, सूर्य १२. झाले १२५०. पाठांतराला ही सोय उत्तम. विद्यार्थी एकदा घोकून बसला की आकडा चुकायची भीती नाही.

पण हाच आकडा का, याचे उत्तर श्लोकात नाही. 'लीलावती' इ.स. ११५० मध्ये पुरी झालेल्या 'सिद्धांतशिरोमणी'चा भाग. शके १०३६, म्हणजे १११४ साली जन्मलेले भास्कराचार्य तेव्हा ३६ वर्षांचे होते. सूत्र आटोपशीर असावे, त्याचे कारण गुरूने तोंडी सांगावे, अशी त्या काळच्या शिक्षणाची रीत. त्यामुळे परिघाचा हिशेब आपल्याकडे कुठवर पोचला होता हे पाहायचे, तर श्लोकाइतकेच त्यावर लिहिलेल्या टीकांकडे पाहावे लागते. या श्लोकाच्या बाबतीत तर सोळाव्या शतकात एक मोठा योग जुळून आला. जेमतेम दहा-बारा वर्षांच्या अंतराने, एक कोकणात आणि एक केरळात, अशा दोन टीकांनी याच श्लोकाचा 'का' उलगडून दाखवला.

त्याआधी आकड्याची गरज कुणाला पडते ते पाहू. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणाऱ्या लोहाराला ती नाही. तो चाकाभोवती माप फिरवतो, धाव परिघापेक्षा किंचित आखूड वळवतो, भट्टीत लाल करून फुगवतो आणि चाकावर बसवून पाणी ओततो. धाव आकसते आणि चाक आवळून धरते. जिथे दोरी पोचते तिथे गुणाकाराची गरज नसते. दोरी पोचत नाही तिथे ती सुरू होते : ग्रहांच्या कक्षा, पृथ्वीचा घेर. 'सिद्धांतशिरोमणी'त पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजने दिला आहे. भागाकार करून पाहिला तर हे आकडे ३९२७/१२५० या गुणोत्तराशी जुळतात, २२/७ शी नाही. ज्योतिषाच्या कामाला आचार्यांनी सूक्ष्म माप वापरले, हे यातून उघड होते. स्थूल आणि सूक्ष्म यांतला फरक आजच्या मापांत असा : पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर धरून २२/७ ने परीघ काढला, तर सुमारे १६ किलोमीटर जास्त येतो. ३९२७/१२५० ने काढला तर चूक शंभर मीटरच्याही आत राहते.

भास्कराचार्यांच्या हाती हे गुणोत्तर आयते आले होते, पण त्यामागे दीड हजार वर्षांहून जुनी खटपट होती. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञाचा यूप रोवायच्या खड्ड्याचा व्यास एक पद आणि घेर तीन पद सांगितला आहे. खड्डा खणायला तेवढे पुरेसे आहे. जैन ग्रंथकारांनी दहाचे वर्गमूळ धरले. त्यांच्या जंबूद्वीपाचा व्यास एक लक्ष योजने; त्याचा परीघ त्यांनी ३,१६,२२७ योजने, ३ गव्यूती, १२८ धनुष्ये आणि साडेतेरा अंगुळांहून थोडा अधिक असा काढला. वर्गमूळ काढण्याचे हे कसब थक्क करणारे आहे. गंमत अशी, की गुणोत्तरच ढोबळ असल्यामुळे अंगुळापर्यंत नेलेला हा हिशेब मुळात दोन हजारांहून अधिक योजनांनी चुकलेला आहे.

इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटांनी निराळाच आकडा मांडला. शंभरात चार मिळवा, आठाने गुणा, त्यात बासष्ट हजार मिळवा. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा हा जवळपासचा परीघ. उत्तर येते ६२,८३२. दोन्ही आकड्यांना १६ ने भागा : ३९२७ आणि १२५०. 'लीलावती'तले सूक्ष्म माप ते हेच, दशांशात ३.१४१६. आर्यभटांनी हा परीघ जवळपासचा आहे असे स्वतःच नोंदवले, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. पण चांगला आकडा सापडला म्हणून सगळ्यांनी तो उचलला असे झाले नाही. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी व्यवहाराला ३ आणि सूक्ष्म कामाला दहाचे वर्गमूळ असाच नियम दिला. दुसऱ्याच वर्षी आर्यभटांचे टीकाकार, पहिले भास्कर, यांनी या वर्गमुळावर नेमके बोट ठेवले : हे परंपरेने सांगितले जाते एवढेच, त्याला उपपत्ती कुठे आहे? गणितात परंपरा हा पुरावा होत नाही, हे इतक्या रोखठोक शब्दांत सांगणारा हा आपल्याकडचा फार जुना आवाज.

भास्कराचार्यांनंतर त्यांचे ग्रंथ शिकवले कसे गेले याचा दगडात कोरलेला पुरावा खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण दान कशाकशाचे, हे मात्र जुन्या मराठीत लिहिले आहे, कारण ते बाजारातल्या माणसांना कळायला हवे होते. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावरचा राजाकडे जाणारा भाग मठाला. गावात जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला. परीघ, व्यास आणि ग्रहगती शिकणाऱ्या मुलांचे दिवे या तेलावर जळत असणार. ग्रंथ लिहून झाला की काम संपत नाही, तो समजावून सांगणारा माणूस पोसावा लागतो, याची जाण या दानपत्रात दिसते.

आता सोळाव्या शतकात येऊ. आजच्या रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रकाठी नांदगाव आहे. तिथले केशव दैवज्ञ नावाजलेले ज्योतिषी. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ. महाराष्ट्रात पंचांग करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना हे नाव पाठ होते, ते शके १४४२, म्हणजे १५२० च्या 'ग्रहलाघवा'मुळे. ग्रहांची स्थाने काढताना ज्या-चापांची, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमितीच्या कोष्टकांची, कटकट नको म्हणून त्यांनी ती पद्धत पार बाजूला सारली आणि साध्या गुणाकार-भागाकारांवर सगळे आणून ठेवले. गावोगावच्या जोशांनी हा ग्रंथ डोक्यावर घेतला. अशा माणसाला सूक्ष्मतेचे काय पडले असेल, असे वाटू शकते. पण १५४५ साली याच गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि परिघाच्या श्लोकावर येताच ते थांबले.

त्यांनी १०० व्यासाचे वर्तुळ घेतले. आत समषट्कोन काढला तर त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, ५० भरते, परिमिती ३००. मग बाजू दुप्पट करायच्या : १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४. प्रत्येक पायरीवर लागतो तो फक्त भुज-कोटी-कर्णाचा नियम, ज्याला आपण पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो.

पहिली पायरी आजच्या दशांशांत करून बघू. षट्कोनाची बाजू ५०, तिची अर्धी २५. केंद्रापासून बाजूच्या मध्यापर्यंतचे अंतर २५०० वजा ६२५ याचे वर्गमूळ, म्हणजे ४३.३०. त्रिज्या ५० असल्याने बाजूच्या मध्यापासून वर्तुळापर्यंत ६.७० एवढी फट उरते. २५ हा भुज, ६.७० ही कोटी; त्यांचा कर्ण म्हणजे नव्या बारा बाजूंच्या आकृतीची बाजू. ती येते २५.८८२. बाराने गुणले की परिमिती ३१०.५८. पुन्हा तेच केले की चोवीस बाजूंना ३१३.२६, अठ्ठेचाळीसला ३१३.९४, शहाण्णवला ३१४.१०. वाढ दर पायरीला साधारण चौथाईवर येते, म्हणजे आपण कशाच्या तरी अगदी जवळ सरकत आहोत. ३८४ बाजूंवर गणेश दैवज्ञ थांबतात आणि परिमिती ९८,६९४ चे वर्गमूळ अशी सांगतात. ते भरते ३१४.१५६. शंभर व्यासाला एवढा घेर, तर १२५० व्यासाला ३९२७. श्लोकातल्या आकड्याचा उगम असा वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. सगळी वर्गमुळे हाताने काढायची, हेही ध्यानात घ्यायला हवे.

हीच वाट ग्रीकांकडे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात चोखाळली होती. ९६ बाजूंची एक आकृती वर्तुळाच्या आत आणि एक बाहेर काढून त्याने गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्या दरम्यान कोंडले. यातली वरची हद्द म्हणजेच आपले २२/७. म्हणून २२/७ ने काढलेला परीघ नेहमी थोडा जास्तच येतो, कमी कधीच येत नाही.

'बुद्धिविलासिनी'तली दुसरी युक्ती तर आज शाळाशाळांतून वापरली जाते, फक्त तिच्यावर कुणाचे नाव नसते. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग, असे 'लीलावती' सांगते. का, हे गणेश दैवज्ञ दाखवतात. वर्तुळाचे दोन अर्ध करा. प्रत्येक अर्ध्याच्या केंद्राकडे टोक असलेल्या बारीक फाका पाडा आणि परीघ सरळ रेषेत येईल अशा त्या पसरा. आता एका अर्ध्याची टोके दुसऱ्याच्या फटींत सरकवा. तयार होतो आयत : एक बाजू त्रिज्या, दुसरी अर्धा परीघ. सातवी-आठवीच्या वर्गात रंगीत कागदाची चकती कापून, फाका उलटसुलट चिकटवून जे करून घेतात, तेच हे, कोकणात १५४५ मध्ये लिहिलेले.

या टीकेच्या दहा-एक वर्षे आधी, १५३४ च्या सुमारास, केरळात शंकर वारियर 'लीलावती'वरच 'क्रियाक्रमकरी' नावाची टीका लिहीत होते. ती त्यांच्या हातून अपुरी राहिली आणि महिषमंगलम् नारायण यांनी ती तडीस नेली. परिघाच्या श्लोकावर शंकरही थांबले, पण त्यांच्या पाठीशी निराळीच शिदोरी होती. त्यांची परंपरा संगमग्रामच्या माधवांपासून, म्हणजे चौदाव्या शतकापासून, चालत आलेली.

माधवांचा आकडा शंकरांनी नोंदवून ठेवला आहे, तोही शब्दांतच. देव म्हणजे ३३, नेत्र २, हत्ती ८, वेद ४, नक्षत्रे २७ अशी ही रास उजवीकडून लावत गेले की ९,००,००,००,००,००० व्यासाला २८,२७,४३,३३,८८,२३३ एवढा परीघ मिळतो. भागाकार येतो ३.१४१५९२६५३५९. दशांशचिन्हापुढचे दहा अंक बिनचूक आहेत आणि अकरावा जवळच्या अंकाला पूर्ण केलेला आहे. बाजू दुप्पट करत इथवर पोचायचे म्हणजे जन्म अपुरा पडला असता. माधवांनी वाटच बदलली. वर्तुळाला बाहेरून टेकणाऱ्या चौरसाच्या बाजूचे अतिशय बारीक तुकडे करून, प्रत्येक तुकड्यासमोर कंसाचा केवढा भाग येतो याची बेरीज त्यांच्या परंपरेने केली. तिच्यातून निघालेला नियम सांगायला सोपा आहे : व्यासाची चौपट घ्या, तिचा तिसरा भाग वजा करा, पाचवा मिळवा, सातवा वजा करा, नववा मिळवा, आणि असेच पुढे.

नियम सोपा, पण चाल गोगलगायीची. व्यास १ धरून पाच पदे घेतली तर ४, २.६७, ३.४७, २.९० आणि ३.३४ असे आकडे वर-खाली हेलकावे खातात. शेकडो पदे घेऊनही दोन-तीन दशांशस्थळांपुढे खात्री पटत नाही. माधवांच्या परंपरेची खरी कमाल इथे आहे. कुठेही थांबा, मात्र थांबताना एक दुरुस्ती करा. शेवटचा भाजक ९ होता. त्यापुढची सम संख्या १०. तिचे अर्धे ५, तिचा वर्ग अधिक एक १०१. व्यासाच्या चौपटीला ५ ने गुणून १०१ ने भागा आणि येणारे ०.१९८०२ हे ३.३३९६८ मधून वजा करा. उरतात ३.१४१६६. पाच पदांत तीन दशांशस्थळे पदरात पडली. याहून बारीक दुरुस्तीही त्यांनी दिली आहे.

याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटांच्या 'जवळपास'चा अर्थ लावला. तिरूरजवळच्या तृक्कंडियूरचे हे पंडित १४४४ साली जन्मले. 'आर्यभटीया'वरच्या भाष्यात ते विचारतात, की खरा परीघ सोडून जवळपासचा का सांगितला? आणि उत्तर देतात : ज्या मापाने व्यास मोजला असता काही शिल्लक राहत नाही, त्याच मापाने परीघ मोजला तर काहीतरी शिल्लक राहतेच. माप बारीक करत गेलात तर शिल्लक कमी होईल, संपणार नाही. व्यास आणि परीघ यांचे गुणोत्तर कोणत्याही अपूर्णांकात बसत नाही, हेच हे विधान. त्याची रीतसर सिद्धता युरोपात लॅम्बर्टने दिली, ती १७६० च्या दशकात. माधवांची श्रेणी तिथे लायब्निझच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १६७० च्या दशकात स्वतंत्रपणे शोधली होती.

पुढची कहाणी पोथ्यांच्या प्रवासाची आहे. 'लीलावती' अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ साली फारसीत आणली. जॉन टेलरचे इंग्रजी भाषांतर १८१६ साली मुंबईत छापले गेले, कोलब्रुकचे १८१७ साली लंडनमध्ये. कोलब्रुकने तळटीपांत टीकाकारांचे उतारे दिले, त्यामुळे नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे ३८४ बाजूंचे गणित युरोपातल्या वाचकांना कळले. केरळच्या श्रेणींवर मलबारातले कंपनी सरकारचे अधिकारी चार्ल्स व्हिश यांचा लेख १८३४ साली प्रसिद्ध झाला, पण शंभर वर्षे त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. 'बुद्धिविलासिनी'सह 'लीलावती' पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ साली छापली. 'क्रियाक्रमकरी'ची चिकित्सक आवृत्ती के. व्ही. सर्मा यांनी १९७५ साली काढली. एकाच श्लोकावरच्या या दोन टीका छापील रूपात शेजारी ठेवता येतात, याला अजून साठ वर्षेही झालेली नाहीत.

आपल्या वर्गांत मात्र श्लोकाचा निम्माच भाग उतरला आहे. २२/७ राहिले, पण ते 'स्थूल' आहे ही सूचना वाटेत गळाली. 'पायची किंमत किती?' या प्रश्नाला '२२/७' हे उत्तर पूर्ण गुण मिळवून जाते, आणि पुष्कळांच्या मनात ती तंतोतंत किंमत म्हणून पक्की बसते. यात मुलांचा दोष नाही; नियम पाठ होतो, कारण मात्र कुणीतरी बसून उलगडावे लागते. गणेश दैवज्ञांची रीत त्यासाठी आजही चालण्यासारखी आहे. लागतात त्या तीन गोष्टी : षट्कोन, पायथागोरस आणि वर्गमुळाचे बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर. बारा बाजूंपर्यंतची पायरी फळ्यावर एकदा करून दाखवली की पुढच्या पाच पायऱ्या मुले गटागटाने करू शकतात. तासाअखेरीस कुणाचा आकडा ३.१४१५ येईल, कुणाचा ३.१४१६, तो ३.१४२९ का येत नाही, हे त्यांचे त्यांनाच विचारावेसे वाटेल. एवढे झाल्यावर गणिते सोडवताना २२/७ खुशाल वापरावे. भास्कराचार्यांचीही त्याला हरकत नव्हती.